पहिलं गिऱ्हाईक

मी पोटासाठी काय करते हे पुण्यातल्या माझ्या आत्याला समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडून दिलाय. एकदा सांगून पाहिलं होतं. म्हटलं, "श्रीमंत लोकांचे पैसे घेऊन आम्ही नव्या कंपन्यांत घालतो. प्रदूषण कमी करणाऱ्या, स्वच्छ वीज तयार करणाऱ्या कंपन्यांत." तिने विचारलं, "आणि बुडाले तर?" मी म्हटलं, "बहुतेक बुडतातच. एखादी वर येते, ती बाकीच्यांची भरपाई करते." आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या आईकडे पाहिलं. पोरीला बंगळुरात कोणीतरी गंडवलंय, एवढं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

तिचं फार चुकलं होतं असं मी आता म्हणणार नाही.

आमच्या फंडात दर नव्या वर्षी एक 'थीसिस' लिहिला जातो. येत्या काळात जग कुठे जाणार याबद्दल आमचा काय विश्वास आहे, ते त्यात असतं. मी नोकरीला लागले तेव्हा हा विश्वास विजेच्या स्कूटरवर होता. दोन चाकं आणि एक बॅटरी जोडून आणणाऱ्या कोणालाही आम्ही तेव्हा आदराने कॉफी पाजत होतो. सोलरचं नाव काढलं की ऑफिसातली जुनी माणसं तोंड वाकडं करायची, कारण त्यात त्यांचे हात आधीच पोळले होते. पुढे स्कूटरवाल्यांचं कौतुक ओसरलं आणि चार्जिंग स्टेशनं आली. मग हायड्रोजन आला. मग जुन्या बॅटऱ्यांतून धातू काढणारे आले. आता जो तो एआयच्या सर्व्हरांना किती वीज लागणार याबद्दल बोलतो. यातले दोन-तीन थीसिस मीच लिहिलेत आणि लिहिताना मला ते मनापासून खरे वाटलेत. वाईट याचं वाटतं, की ते खोटे नसतातच. जगाला स्कूटरही हवी असते आणि बॅटरीतला धातूही. पैशाला मात्र एका वेळी एकच गोष्ट दिसते.

आणि पैशाला वय असतं, हे मला इथे येऊन कळलं. ज्यांनी तो आमच्याकडे दिला त्यांना ठरावीक वर्षांत तो वाढवून परत करायचा असतो. त्यामुळे आमची सगळी घाई पृथ्वीसाठी आहे असं आम्ही भाषणात सांगतो, पण ती घाई त्या परतीच्या तारखेची असते. हे कळल्यावर मी नोकरी सोडली नाही. पगार चांगला होता, येलहंक्याला घर घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. माणसं आपल्या डोक्यातली अचाट गोष्ट घेऊन समोर येऊन बसतात, ते ऐकायला मला अजूनही आवडतं.

ती अशीच येऊन बसली होती. तिशीतली, बारीक अंगाची, इंजिनिअर. प्रोजेक्टरवर चित्रं दाखवत इंग्रजीत घडाघडा बोलली आणि तिचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण ते वर्ष हायड्रोजनचं होतं आणि तिच्याकडे होत्या विटा. कपाटाएवढी पोलादी पेटी, आत खास भाजलेल्या विटा. दिवसा सोलरच्या विजेने त्या विटा तापवायच्या, पेटी झाकून ठेवायची, आणि लागेल तेव्हा त्यातून पाण्याचा पाइप फिरवून वाफ घ्यायची. लाकूड नको, कोळसा नको, धूर नाही. बैठक संपल्यावर मी बाहेर आईशी फोनवर बोलत होते, तशी ती घुटमळत उभी राहिली आणि माझा फोन संपताच म्हणाली, "अक्का, तुम्ही मराठी की? आधी ठाऊक असतं तर मी असं फाडफाड बोलले नसते. स्वल्प हळू बोलले असते."

तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, चामराजपेटेतलं, रेशीम रंगवणाऱ्यांचं. घरात मराठी, दारात कन्नड. तिच्या मराठीत अशी काही वळणं होती की मला ती ऐकतच राहावीशी वाटायची, आणि माझ्या मराठीत इतकं इंग्रजी होतं की तिला हसू यायचं. जिन्याजवळ उभ्या उभ्या तिने मला जे सांगितलं ते प्रोजेक्टरवर कुठेच नव्हतं. तिच्या वडिलांची घरामागे रंगाची शेड होती. रंगाच्या टाक्यांना सतत उकळतं पाणी लागतं, त्यासाठी बॉयलर, आणि बॉयलरला सरपण. आजूबाजूला घरं वाढली, धुराच्या तक्रारी झाल्या, आणि लाकूड जाळणं थांबवा नाहीतर शेड बंद करा अशी ताकीद आली. गॅस परवडण्यासारखा नव्हता. तिने मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली, यशवंतपूरला एक गाळा भाड्याने घेतला आणि ही पेटी तयार केली.

"अण्णांची शेड चालू राहायला पाहिजे, एवढंच होतं बघा डोक्यात," ती म्हणाली. "कंपनी-बिंपनी नंतर."

तिची पहिली पेटी वडिलांच्या शेडमध्ये बसली. ती पाहून आसपासच्या चार-दोन रंगाऱ्यांनी घेतल्या. पण जवळचे पैसे संपत आले होते, आणि आता कोणी पाठीशी उभं राहिलं नाही तर गाळा बंद करावा लागणार होता.

दोन थीसिस उलटले, तोवर तिने उसनवारीवर गाळा कसाबसा चालू ठेवला, आणि मग तिचा दिवस आला. हायड्रोजन महाग पडतोय असं सगळ्यांना एकदमच सुचलं, आणि 'कारखान्यांची उष्णता' हा नवा शब्द आमच्या बोलण्यात शिरला. जगातलं कितीतरी इंधन निव्वळ काहीतरी तापवण्यात जळतं, हा शोध आम्हाला लागला. ज्या साहेबांनी तिच्या बैठकीत जांभई दाबली होती त्यांनीच मला विचारलं, "अरे वो ब्रिक्सवाली लडकी थी ना, कहाँ है वो?"

साहेब मुंबईचे. त्यांना पेटी प्रत्यक्ष चालताना पाहायची होती आणि त्यांच्याकडे एकच दिवस मोकळा होता, दसऱ्याच्या आदला दिवस. आमच्या ऑफिसची सुट्ट्यांची यादी मुंबईहून येते. तिच्यात दसरा होता, आदला दिवस नव्हता. आमच्या घरी यंत्रांना आणि गाड्यांना झेंडूच्या माळा दसऱ्याला घालतात, खंडेनवमी कॅलेंडरवर वाचून सोडून द्यायची. तेव्हा दसऱ्याच्या आधी सगळं उरकतंय म्हणून मी खूशच होते. तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "सरी, अक्का." म्हणजे ठीक आहे. पैसे देणाऱ्याला तारीख बदला असं कुठल्या तोंडाने सांगायचं, असं तिला वाटलं होतं, हे तिने मला पुढे सांगितलं.

आम्ही चामराजपेटेत पोचलो तेव्हा रस्त्यात जागोजागी कोहळे फुटलेले होते, लाल कुंकवात माखलेले, आणि आमचा ड्रायव्हर त्यांच्यातून नागमोडी गाडी काढत होता. रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, बसच्या तोंडावर शेवंतीच्या माळा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इथे नवमीलाच आयुधपूजा. ज्याच्यावर पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूची आज पूजा, आणि पूजा झाली की त्या वस्तूला हात लावायचा नाही.

शेडमध्ये टाक्या घासूनपुसून पालथ्या घातल्या होत्या. पेटीला हळदीकुंकू, तिच्यावर जाडजूड हार, समोर चुरमुरे आणि गूळ. तिचे वडील दारातच उभे होते. पांढरं धोतर, कपाळाला गंध, आणि मुलीच्या गोड बोलण्याला आपण बधणार नाही हे चेहऱ्यावर.

"पेटी आज चालणार नाही," ते म्हणाले. "परवा घासूनपुसून बंद केली, तेव्हापासून तिला सुट्टी आहे."

"अण्णा, ते मुंबईहून आलेत. पाच मिनटं लावू की," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"ब्रह्मदेव आला तरी आज नाही. वर्षभर राबते, दोन दिवस बसू दे की तिला." मग माझ्याकडे वळून, "काय हो पुण्याच्या बाई, तुमच्यात पूजा झालेल्या हत्याराला त्याच दिवशी कामाला जुंपतात काय?"

साहेबांना काय चाललंय ते शब्द न कळताही कळलं होतं. विमानाची वेळ संध्याकाळची होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मी जमिनीकडे. अण्णांनी मात्र त्यांना खुर्ची दिली, केळीच्या पानावर भिजवलेल्या डाळीची कोसंबरी आणि गोड शिरा वाढला आणि हात जोडून खायला लावलं. खाता खाता साहेबांची नजर पेटीच्या बाजूला असलेल्या तापमानाच्या काट्यावर गेली. काटा अजून बराच वर होता.

"ही कधीपासून बंद आहे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"परवापासून," ती म्हणाली.

साहेब पान हातात घेऊन उठले. पेटीच्या जवळ गेले, काटा नीट पाहिला, मागून-पुढून फिरून कुठे वायर जोडलेली आहे का ते पाहिलं. सोलरची वायर काढून तिच्यावरही कोणीतरी कुंकू लावून ठेवलं होतं. दोन दिवस काहीही न देता ती पेटी वाफेला पुरेल एवढी उष्णता पोटात धरून बसली होती. आम्हाला जे पाहायचं होतं ते यापेक्षा चांगलं दिसणं शक्यच नव्हतं. परतताना गाडीत विमानतळाच्या अलीकडे साहेब म्हणाले, "धिस इज रिअल." त्यांच्या तोंडून असं वाक्य वर्षातून एखाद्या वेळीच निघतं. मला इतका आनंद झाला की येलहंक्याच्या घरी जाऊन मी आमच्या मिक्सरलासुद्धा कुंकू लावलं.

आमच्या फंडाच्या गुंतवणूक समितीने हो म्हटलं, पण अटी घातल्या. छोटे रंगारी हा काही धंदा नव्हे; पेट्या मोठ्या करायच्या, औषधांच्या आणि बिस्किटांच्या कारखान्यांना विकायच्या, आणि यशवंतपूरच्या गाळ्यातली सगळी माणसं त्याच कामाला लावायची. छोट्या पेट्या नव्या करायच्या नाहीत आणि जुन्यांची देखभालही बंद. पेटीतल्या तापणाऱ्या तारा दर थोड्या महिन्यांनी जळतात, बदलाव्या लागतात, आणि त्या तारा फक्त तिच्याच गाळ्यात बनायच्या. म्हणजे अण्णांची पेटी काही महिन्यांत थंड पडणार होती.

तिने विचारलं, निदान एका पेटीपुरत्या तरी तारा बनवू द्या. त्यावर आमच्या वकिलांनी जे सांगितलं ते ऐकून मला लाज वाटली, अजूनही वाटते. कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मालकिणीचा बाप. कायद्याच्या भाषेत हा 'संबंधित व्यक्तीशी व्यवहार'. पुढे दुसरे गुंतवणूकदार येतील, ते बोट ठेवतील, तेव्हा हे आधी मिटवा. ज्या शेडमध्ये बसून आमच्या साहेबांनी शिरा खाल्ला आणि ज्या पेटीचा काटा पाहून आम्ही पैसे द्यायला निघालो, तीच शेड आता कंपनीवरचा डाग ठरली होती. मी समितीत हे बोलले, आवाज चढवून बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि वकिलांचं बरोबर आहे असं ठरलं. तसं ते बरोबरच होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

त्या आठवड्यात ती मला एका दर्शिनीत भेटली. उभ्याने इडली खायची जागा, पण दोघींच्याही इडल्या तशाच राहिल्या.

"ऑफिसातली म्हणून नको सांगू," ती पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत म्हणाली. "तुझ्या बहिणीला सांगितलं असतंस ते सांग."

मी म्हटलं, "बहिणीलाही काय सांगितलं असतं ते मला कळत नाही. पैसे घेतलेस तर शंभर चिमण्यांचा धूर थांबेल. नाही घेतलेस तर निदान एका शेडमधला थांबलेला राहील."

"मी नाही म्हणणार," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी केलं तेच बंद पाडायचं, मग केलं कशाला?"

मला तिचा अभिमान वाटला आणि तिची भीतीही वाटली. गाळ्याचं भाडं थकलं होतं हे मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. नंबर त्यांनी मुलीच्या नकळत मिळवला होता.

"पुण्याच्या बाई, एकच विचारतो. खरं सांगा. हे पैसे या वर्षी नाही घेतले, तर पुढच्या वर्षी मिळतील काय?"

मी काहीतरी गोलमोल बोलू शकले असते. पण त्यांनी खरं सांगा म्हटलं होतं. मी सांगितलं, "अण्णा, आमच्याकडे वारं बदलतं. या वर्षी उष्णतेचं आहे. पुढचं लिहायला मी बसलेच आहे, आणि त्यात सगळं सर्व्हर आणि बॅटऱ्या आहेत. तिच्याकडे पुन्हा कोणी बघेल की नाही, मला सांगता येणार नाही."

"म्हणजे मुहूर्त आहे म्हणा की."

"तसंच म्हणायचं."

मागे शेडमध्ये पाणी पडल्याचा आवाज येत होता. अण्णा म्हणाले, "मग तुमच्या कागदात लिहून टाका, पहिलं गिऱ्हाईक आपण होऊन गेलं म्हणून. कोणी काढलं नाही त्याला. आणि हे तिला कळता उपयोगी नाही. मी तिला गुडघ्याचं सांगणार आहे."

"गुडघ्यांना काय झालं?"

"काय झालंय? काही झालं नाही. होईल की उद्यापासून."

मी त्यांना थांबवायला हवं होतं असं नाही. मला थांबवताच आलं नसतं. फोन ठेवल्यावर मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले, आणि मग बाहेर येऊन सर्व्हरांबद्दलची पुढची पानं लिहीत बसले.

त्यांनी ते इतकं व्यवस्थित केलं की बोलायची सोय नाही. आधी जिना चढताना कण्हायला लागले. मग टाकीजवळ उभं राहवत नाही म्हणाले. मग आपली बांधलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या एका रंगाऱ्याकडे सोपवली, टाक्या विकल्या, आणि मुलीला सांगितलं की आता मला बसून पेपर वाचायचा आहे, फार झालं. तिने डॉक्टर सुचवला, तर म्हणाले वय झालं की हे व्हायचंच. शेड बंद झाली तसा वकिलांचा मुद्दाही आपोआप निकाली निघाला. तिने मला फोन करून सांगितलं, की आता तिची काही हरकत उरली नाही, कागद पाठव.

सह्यांच्या दिवशी अण्णाही आमच्या ऑफिसात आले. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत. साहेबांनी त्यांना सगळ्यांना भेटवलं, "धिस इज द फर्स्ट कस्टमर" म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी नमस्कार केला, आणि माझ्याशी नजरानजर होऊ दिली नाही. सह्या झाल्या, पेढे वाटले. रिक्षा बघतो म्हणून ते एकटेच लिफ्टने खाली गेले.

आम्ही दोघी जिन्याने उतरत होतो. मधल्या मजल्यावर ती थांबली.

"अक्का, अण्णांचे गुडघे चांगले आहेत," ती म्हणाली. "परवा पहाटे मी त्यांना मार्केटातून येताना पाहिलं. दोन्ही हातात पिशव्या, ताडताड चालत होते."

मी विचारलं, "मग सही का केलीस?"

"शेड तर त्यांनी बंद केलीच होती. टाक्या गेल्या, गिऱ्हाइकं गेली. मी नाही म्हटलं असतं तर ते सगळं फुकट गेलं असतं की." तिने पदराने डोळे पुसले. "त्यांना सांगू नकोस हं, मला कळलं म्हणून."

मी मान हलवली. त्या दोघांतलं माझ्याकडे ठेवलेलं हे दुसरं गुपित.

खाली आलो तर अण्णा फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे होते, ताठ, एका रिक्षावाल्याशी मीटरवरून कडाडून भांडत. तो ऐकेना तसे तरातरा पुढच्या रिक्षेकडे निघाले. तेवढ्यात त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं. ते जागच्या जागी थांबले, हात गुडघ्यावर गेला, आणि लंगडत आमच्याकडे यायला लागले. ती धावत रस्ता ओलांडून गेली आणि त्यांचा दंड धरून म्हणाली, "सावकाश की, अण्णा."